मदत हवी आहे: आरबीपी-४ चे एलायझाचे आकडे जुळत नाहीत
लठ्ठपणात चरबीपेशींतलं ग्लुट-४ (साखर पेशीत नेणारं प्रथिन) घटतं. त्यातून रक्तात आरबीपी-४ (व्हिटॅमिन ए वाहून नेणारं प्रथिन) वाढतं आणि इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, हे २००५ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून पुढे आलं. टाइप २ मधुमेहींच्या सीरममध्ये (रक्तातल्या पेशी व गोठणारा भाग काढून उरलेल्या द्रवात) तेच आरबीपी-४ एलायझाने, म्हणजे अँटिबॉडी वापरून प्रथिन मोजायच्या चाचणीने, मोजतोय. पण एकच नमुना १:१००० आणि १:४००० डायल्यूट केला, की डायल्यूशनच्या पटीने गुणल्यावर १:१००० चं उत्तर हटकून कमी येतं. जास्त प्रथिनामुळे अँटिबॉडी सॅच्युरेट होत असावी, म्हणजे तिच्या सगळ्या जागा भरून जात असाव्यात. क्रिएटिनिन वाढलेले नमुने आधीच वगळलेत (हे विसरू नयेच, मूत्रपिंड मंदावलं की आरबीपी-४ रक्तात साचतं). शुद्ध प्रथिनाचं स्टँडर्ड लावून वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) कुणी पडताळलंय का? आरबीपी-४ चा २१ किलोडाल्टनचा पट्टा स्वच्छ दिसायला सीरम किती लोड करता? आरबीपी-४ रक्तात ज्या प्रथिनाला जोडलेलं असतं त्या ट्रान्सथायरेटिनपासून सुटं व्हायला नमुना किती मिनिटं उकळता?