बुद्ध, सगरमाथा आणि 'आम्ही कधीच गुलाम नव्हतो' : या अभिमानात स्वतःची कमाई किती?

वाटसरू
कामानिमित्त आठ महिने काठमांडूत काढले. ठमेलच्या गल्ल्यांत टी-शर्टच्या दुकानांवर एकच वाक्य लटकलेलं असतं: बुद्ध नेपाळमध्ये जन्मले. तेच टॅक्सीच्या मागच्या काचेवर. माझ्या खोलीखालच्या चहावाल्याने मी भारतीय आहे हे कळताच, उतू चाललेलं दूध उतरवता उतरवता, पहिलं हेच ऐकवलं. मी तोवर फक्त 'साखर कमी' एवढंच बोललो होतो. (आपल्याकडचं कुणीतरी अधूनमधून बुद्धाचा जन्म भारतात झाला असं ठोकून देतं, त्याची फळं मी भोगली. असो.)

मग पुढचं येतंच. सगरमाथा, म्हणजे एव्हरेस्ट, आमचा. आम्ही कुणाचे गुलाम झालो नाही. आम्ही वीर गोर्खाली. आता बघा, बुद्ध अडीच हजार वर्षांपूर्वीचे. 8848.86 मीटरचा डोंगर दोन भूखंडांच्या टकरीतून वर आला. लढाया पणजोबांच्या पणजोबांनी केल्या. बोलणाऱ्याने यातलं काय केलं? आजोबांनी तूप खाल्लं, माझ्या हाताचा वास घ्या, असा हा प्रकार. आणि त्याच शहरात त्रिभुवन विमानतळावर पाहा, आखातात निघालेल्या पोरांची रांग असते, गळ्यात आईने घातलेल्या झेंडूच्या माळा. काहीजण शवपेटीतून परत येतात, तेही त्याच विमानतळावर. तिकडे बोट दाखवलं की उत्तर पुन्हा बुद्धच.

आमराई
रत्नागिरीत आमची हापूसची बाग आहे. राखणीला नेपाळी कुटुंब असतं, आसपासच्या बहुतेक बागांत हेच चित्र. आमच्याकडचा गडी बारा वर्षं आहे. त्याला चांगलं नाव आहे, पण गावात सगळे 'ए गुरख्या' म्हणूनच हाक मारतात. मीही मारायचो. अशा माणसाने 'आमच्याकडे बुद्ध झाला' म्हटलं तर तुम्ही त्याच्याकडे कर्तृत्वाचा दाखला मागणार? दिवसभर ज्याला कुणी विचारत नाही त्याच्याजवळ काहीतरी असं लागतं जे मालकाला काढून घेता येत नाही.

आणि वाटसरू, सिंहगड तुम्ही बांधलात का हो?

वाटसरू
नाही बांधला. म्हणूनच पिठलं-भाकरी खाऊन गपगुमान उतरतो.

तिरकस
वारशाचाच अभिमान असेल तर निदान वारसा नीट माहीत असावा. 'कधीच गुलाम नव्हतो' हे इंग्रजांपुरतं खरं. पण 1816 च्या सुगौली तहात कुमाऊँ-गढवालसकट केवढा मुलूख गेला, वर काठमांडूत इंग्रज रेसिडेंट (सरकारचा प्रतिनिधी) बसला. 1846 ते 1951 राणा घराण्याने राजाला शोभेचा करून ठेवला आणि प्रजेला शाळेपासून लांब. घरोघरचे गुलाम कायद्याने सुटले ते 1924-25 च्या सुमारास. त्यांच्या नातवंडांना विचारा, 'आम्ही' म्हणजे नक्की कोण?

'वीर गोर्खाली'चंही तसंच. शौर्य खरंच, प्रश्नच नाही. पण 'लढाऊ जमात' हा शिक्का इंग्रजांनी आपल्या भरतीच्या सोयीसाठी मारला. दुसऱ्याने मारलेला शिक्का आपण पदक म्हणून मिरवतोय.

दऱ्याखोऱ्या
वाटसरूंशी अजिबात सहमत नाही. डोंगर वारशाचा असेल, चढाई नाही. 16 जानेवारी 2021 ला के-टू, जगातलं दुसरं सर्वांत उंच शिखर, हिवाळ्यात पहिल्यांदा सर झालं. आठ हजारी शिखरांतलं हे शेवटचं उरलं होतं, युरोपातल्या एकाहून एक पथकांनी तिथे हात टेकले होते. माथ्यावर पोचले ते दहाजण, दहाही नेपाळी. पुढे असलेले शिखराच्या जरा खाली थांबले, मागच्यांना येऊ दिलं आणि शेवटची पावलं सगळ्यांनी बरोबर टाकली. त्या थंडीत नुसतं थांबणं म्हणजे काय, हे गिर्यारोहकाला विचारा. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या शिखरांसाठी दोर बांधणारी ही माणसं.

आणखी हवंय? नेत्रतज्ज्ञ डॉ. सन्दुक रुइत यांच्या काठमांडूतल्या तिलगंगा नेत्ररुग्णालयातली डोळ्याची लेन्स. बाहेरची शंभर डॉलरच्या घरात जायची, ही काही डॉलरांत. खेड्यातून दिसेनासं झालेली म्हातारी दुसऱ्या दिवशी पट्टी काढून चालत घरी. गावकऱ्यांनी समित्या करून जंगलं राखली, उघडे डोंगर हिरवे झाले. वाघ 2009 मध्ये 121 होते, 2022 च्या गणनेत 355.

वाटसरू
अहो, हेच तर म्हणतोय! यातलं एकही टी-शर्टवर का नाही? त्या चहावाल्याला मी रुइत यांच्याबद्दल विचारलं, तर म्हणाला, हो, मोठे डॉक्टर आहेत, आणि परत लुम्बिनीवर. एकदाच त्याचा चेहरा वेगळा उजळला. बत्तीचा विषय निघाला तेव्हा. पूर्वी दिवसाला सोळा-सोळा तास लोडशेडिंग, फ्रिजमधलं दूध नासायचं, वेळापत्रक भिंतीला चिकटवलेलं. 2016 च्या तिहारात, म्हणजे तिकडच्या दिवाळीत, शहर उजळलेलं राहिलं आणि पुढे ते वेळापत्रक त्याने स्वतः फाडलं. तेव्हाचे वीज प्राधिकरणाचे प्रमुख कुलमान घिसिङ, हे नाव त्याने देवाचं घ्यावं तसं घेतलं. तो अभिमान मला पटला, कारण त्याला हिशेब होता.

पाटीपेन्सिल
पण कर्तृत्वाच्या अभिमानात एक गोम आहे. आज ज्याला डोक्यावर घेतलं तो उद्या निवडणुकीला उभा राहतो, की झाली फाटाफूट. वारशात भांडण नाही, तो सगळ्यांचा. नेपाळच्या 2021 च्या जनगणनेत बौद्ध जेमतेम 8 टक्के, तरी बुद्ध सगळ्यांचे. मला ही सुंदर गोष्ट वाटते.

तिरकस
वारशात भांडण नाही? काठमांडूजवळच्या कीर्तिपूरला जाऊन बोला हे. अठराव्या शतकात गोरखाचा राजा पृथ्वीनारायण शाहने ते तिसऱ्या हल्ल्यात जिंकलं आणि लोकांची नाकं कापली. देशाचा तो राष्ट्रनिर्माता, तिथल्या मूळच्या नेवार लोकांना आजही नाक आठवतं. आणि 8 टक्के बौद्ध असलेल्या देशात बुद्ध सगळ्यांचे, कारण ते कुणाला काही करायला लावत नाहीत!

बाय द वे, सप्टेंबर 2025 मध्ये काठमांडूत पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा सगळ्यात जास्त राग होता 'नेपो किड्स'वर, पुढाऱ्यांच्या आयत्या बिळावर बसलेल्या पोरांवर. बापाच्या पैशावर ऐट मारणारा डोळ्यांत सलतो, पूर्वजांच्या नावावर मारलेली ऐट नाही सलत.

आमराई
दोन्ही एकच कसं? नेपो किड दुसऱ्याच्या ताटातलं ओढतो. माझा गडी बुद्ध आपला म्हणतो तेव्हा कुणाचं काय कमी होतं?

बरं, त्याच महिन्यातली गोष्ट. शारजात नेपाळने वेस्ट इंडीजला टी-ट्वेंटी मालिकेत हरवलं. दुसरा सामना जिंकून मालिका खिशात घातली, त्या रात्री मांगराबाहेर पत्र्याच्या डब्यावर मोबाईल टेकवून पाचसहाजण बसलेले, रेंज जाईल म्हणून कुणी जागचं हलेना. सकाळी गडी मला म्हणाला, "जित्यौं, साहेब." आम्ही जिंकलो. खेळले अकराजण, आणि हा इथे कलमांना खत घालत होता. सांगा वाटसरू, हे वारशात धरायचं की कर्तृत्वात?

वाटसरू
खेळणाऱ्यांची नावं माहीत होती का त्याला?

आमराई
अकराच्या अकरा, बॅटिंगच्या क्रमाने. राखीव खेळाडूंचीही.