विंडोज ११ टाकल्यावर डी ड्राइव्हमधल्या कुलूपवाल्या फाइली उघडत नाहीत, ॲक्सेस डिनाइड येतंय. प्लीज मदत करा

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे म्हणून थेट मुद्द्यावर येते. माझे काका सांगलीत दिवाणी वकिली करतात, ऑफिसच्या पीसीवर विंडोज १० प्रो होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून बदलू बदलू चाललं होतं, शेवटी गेल्या आठवड्यात एका कॉम्प्युटरवाल्याकडून ११ प्रो टाकून घेतलं. तो म्हणाला फ्रेश मारतो, डी ला हात लावत नाही, आणि खरंच डी मधलं सगळं जागच्या जागी आहे, फोल्डर दिसतात, फाइलींची नावं दिसतात, साइजपण बरोबर आहे. पण ‘पक्षकार’ नावाच्या फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलवर बारीकसं कुलूप आहे आणि उघडायला गेलं की ॲक्सेस डिनाइड, मग ती वर्डची असो, पीडीएफ असो नाहीतर स्कॅन केलेला दस्त असो. कॉपीपण होत नाहीत. युजरनेम आधीचंच ठेवलंय, पासवर्डही तोच. काकांना फाइलींना पासवर्ड दिल्याचं आठवत नाही, फक्त पूर्वी ऑफिसातल्या एका मुलाने बाकीच्यांना दिसू नये म्हणून प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कसलीतरी टिक केली होती एवढंच ते सांगतात.

सी मध्ये विंडोज डॉट ओल्ड नावाचा भलामोठा फोल्डर दिसतोय, कॉम्प्युटरवाला म्हणतो उडवा, जागा होईल. उडवू का? एका दाव्यात पुरावा सुरू आहे आणि त्याच्या शपथपत्राचे मसुदे ह्याच फोल्डरमध्ये आहेत, काका दोन रात्री झोपलेले नाहीत.

मिरज_जंक्शन:
ताई हे नेहमीचंच आहे, परमिशनचा घोळ. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, तिथे ओनर बदलून आत्ताचा युजर टाका आणि फुल कंट्रोल द्या. माझं दर वेळी ह्यानेच होतं.

कृष्णाकाठ:
केलं दादा. ओनर बदलला, फुल कंट्रोलही दिसतंय, तरी ॲक्सेस डिनाइडच. प्रॉपर्टीजच्या ॲडव्हान्स्डमध्ये ‘एन्क्रिप्ट कन्टेन्ट्स टू सिक्युअर डेटा’ ला टिक आहे, ती काढायला गेलं तरी तोच एरर.

निशाचर_ॲडमिन:
कृष्णाकाठ, बाकी काहीही करण्याआधी हे: विंडोज डॉट ओल्ड उडवू नका आणि कुणाला उडवूही देऊ नका. तुमच्या फाइलींची किल्ली असलीच तर त्या फोल्डरमध्ये आहे. आणि तो साधारण १० दिवसांनी विंडोज स्वतःच साफ करतं, म्हणजे गेल्या आठवड्यात इन्स्टॉल झालं असेल तर वेळ फार थोडा आहे. सेटिंग्जमध्ये स्टोरेज सेन्स (आपोआप साफसफाई) आत्ताच बंद करा, डिस्क क्लीनअप चालवू नका, आणि शक्य असेल तर पीसी सरळ शटडाऊन करून ठेवा.

आता काय झालंय ते सांगतो. तुम्ही जी टिक सांगितली ती ईएफएसची, एन्क्रिप्टिंग फाइल सिस्टीम. विंडोज २००० पासून आहे, होम एडिशनमध्ये ती टिक करताच येत नाही, प्रो मध्ये येते. ती कधी पासवर्ड विचारत नाही म्हणून वापरणाऱ्याला वर्षानुवर्षं पत्ताच नसतो की आपल्या फाइली एन्क्रिप्टेड आहेत. आतून असं असतं की प्रत्येक फाइलची वेगळी की बनते, ती की त्या युजरच्या सर्टिफिकेटने, म्हणजे डिजिटल ओळखपत्राने, बंद करून फाइललाच जोडलेली असते, आणि सर्टिफिकेटची प्रायव्हेट की मात्र सी ड्राइव्हवर युजरच्या प्रोफाइलमध्ये असते, तीपण लॉगिन पासवर्डने बंद केलेली. नवं विंडोज टाकल्यावर नाव तेच, पासवर्ड तोच, पण विंडोज नाव बघत नाही, एसआयडी, म्हणजे प्रत्येक अकाउंटचा अंतर्गत ओळख क्रमांक, बघतं, आणि तो नवीन आहे. नव्या अकाउंटकडे जुनी की नाही. म्हणून ओनरशिप घेऊन उपयोग नाही, परमिशन मिळाली तरी फाइल उलगडायची कशाने?

नशीब एवढंच की कॉम्प्युटरवाल्याने सी फॉरमॅट न करता वरूनच इन्स्टॉल केलंय, म्हणून जुनं सगळं विंडोज डॉट ओल्डमध्ये सरकवलं गेलंय. की अजून तिथे आहे का ते असं बघा. ॲडमिन कमांड प्रॉम्प्ट उघडून डी मधल्या त्या फोल्डरमध्ये जा आणि सायफर /सी पुढे एखाद्या फाइलचं नाव असं द्या. खाली कोण उघडू शकतं ते येईल आणि सर्टिफिकेटचा थंबप्रिंट, म्हणजे त्याची ओळख पटवणारा कोड: चार-चार अक्षरांचे १० गट, एकूण ४० अक्षरं. तो लिहून घ्या. मग विंडोज डॉट ओल्ड, यूजर्स, काकांचं प्रोफाइल, ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, सिस्टीमसर्टिफिकेट्स, माय, सर्टिफिकेट्स इथपर्यंत जा. हिडन फाइली आणि ‘प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स’ दोन्ही दिसतील असं सेटिंग करा नाहीतर फोल्डर रिकामा वाटेल. तिथल्या फाइलीचं नाव म्हणजेच थंबप्रिंट असतो, मधल्या स्पेस सोडून. जुळला तर सर्टिफिकेट वाचलंय. त्याच मायक्रोसॉफ्ट फोल्डरमध्ये क्रिप्टो आणि प्रोटेक्ट असे आणखी दोन फोल्डर हवेत, की क्रिप्टोमध्ये असते आणि ती उघडणारी मास्टर की प्रोटेक्टमध्ये. तिन्ही पाहिजेत, एकही कमी असेल तर काम होत नाही.

तळेगावकर:
बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह लॉक) असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या पेजवर ४८ आकडी रिकव्हरी की मिळते, तिथे बघितलं का?

निशाचर_ॲडमिन:
तळेगावकर, फाइलींना बिटलॉकर नाही, तो पूर्ण ड्राइव्हला असतो, तेव्हा फाइलींची नावंसुद्धा दिसली नसती. पण तुमच्या प्रश्नावरून आठवलं, विंडोज ११ च्या २४एच२ व्हर्जनपासून फ्रेश इन्स्टॉलमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की बऱ्याच मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. म्हणजे नव्या ११ चा सी ड्राइव्ह लॉक असू शकतो. कृष्णाकाठ, चालू असेल तर ती ४८ आकडी की आधी कागदावर उतरवून घ्या, पुढे रिकव्हरीमध्ये लागेल.

कृष्णाकाठ:
थंबप्रिंट जुळला!! ४० च्या ४० अक्षरं, भावाला मोठ्याने वाचायला लावून एकेक तपासलं. क्रिप्टो आणि प्रोटेक्ट दोन्ही आहेत, आत लांबलचक एस-१-५-२१ ने सुरू होणाऱ्या नावाचे फोल्डर आहेत. डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद आहे, लोकल अकाउंटच वापरलंय. सी साठी एसएसडी आहे आणि डी वेगळी हार्डडिस्क. आता हे तीन फोल्डर नव्या प्रोफाइलमध्ये पेस्ट केले की झालं का?

निशाचर_ॲडमिन:
नाही, तसं पेस्ट करू नका. मास्टर की जुन्या एसआयडी आणि जुन्या पासवर्डला बांधलेली आहे, नव्या युजरला ती उघडणार नाही, वर नव्याच्या चालू किल्ल्या गोंधळतील ते वेगळंच.

आता क्रम. एसएसडीची सेक्टर-टू-सेक्टर क्लोन, म्हणजे हुबेहूब कॉपी, दुसऱ्या एसएसडीवर काढा. मूळ एसएसडी काढून कपाटात ठेवा, डी ची हार्डडिस्कपण काढा, कारण आपल्याला आत्ता फक्त की हवी आहे आणि ती मिळेपर्यंत मूळ काहीही मशीनला लागलेलं नको. क्लोनवर बूट करून शिफ्ट धरून रीस्टार्ट, ट्रबलशूट, कमांड प्रॉम्प्ट. तिथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, आधी डीआयआर करून आपला ड्राइव्ह कुठला ते बघा. मग विंडोज, यूजर्स, प्रोग्रामडेटा आणि दोन्ही प्रोग्राम फाइल्स ह्यांची नावं बदलून शेवटी ११ लावा, आणि विंडोज डॉट ओल्डमधले त्याच नावाचे फोल्डर मूव्ह करून रूटला आणा. शेवटी बीसीडीबूट (बूटची नोंद नव्याने करणारी कमांड) पुढे त्या विंडोज फोल्डरचा पत्ता. विंडोज ७ च्या काळात मायक्रोसॉफ्टने स्वतः असाच रस्ता दिला होता. ड्रायव्हर रुसले, स्टार्ट मेन्यू चालला नाही तरी हरकत नाही, जुन्या अकाउंटमध्ये लॉगिन झालं की पुरे.

लॉगिन पासवर्डने करा, पिनने नाही. पिन टीपीएम ह्या सुरक्षा चिपशी बांधलेला असतो, मधे टीपीएम क्लिअर झाला असेल तर चालणार नाही. आत गेलात की सर्टिफिकेट बघायचं टूल सर्टमॅनेजर, पर्सनल, सर्टिफिकेट्स, ज्याच्यापुढे एन्क्रिप्टिंग फाइल सिस्टीम लिहिलंय ते एक्सपोर्ट करा, ‘येस, एक्सपोर्ट द प्रायव्हेट की’ निवडून. पीएफएक्स फाइल होईल, तिच्यात सर्टिफिकेट आणि की दोन्ही असतात, तिला पासवर्ड द्या, दोन पेन ड्राइव्हवर ठेवा.

मिरज_जंक्शन:
पासवर्ड आठवत नसेल तर बूटेबल पेन ड्राइव्हने रीसेट मारता येतो, माझ्याकडे आहे, लागला तर सांगा.

निशाचर_ॲडमिन:
मिरज, मदतीची इच्छा समजते पण इथे ते अजिबात करायचं नाही. युजर स्वतः पासवर्ड बदलतो तेव्हा मास्टर की नव्या पासवर्डने परत बंद होते, बाहेरून रीसेट मारला की होत नाही, लॉगिन होतं पण ईएफएसच्या फाइली बंदच राहतात. ज्या केसेस हाताबाहेर गेलेल्या बघितल्यात त्यात हेच जास्त. कुणी आधीच मारला असेल तर जुना पासवर्ड आठवून परत तोच सेट केला की बहुतेकदा उघडतं, म्हणून जुना खरा पासवर्ड हवाच.

कृष्णाकाठ:
झालं!!! इथल्या एका ओळखीच्या दुकानात क्लोन काढून घेतली, तो मूळ एसएसडी परत देताना चार वेळा विचारत होता की हे नक्की करायचंय ना. पहिल्यांदा बूटच होईना, बीसीडीबूटमध्ये ड्राइव्हचं अक्षर बघून परत दिलं तेव्हा विंडोज १० ची लॉगिन स्क्रीन आली. पिन खरंच चालला नाही, पासवर्डने गेलं. नेट नव्हतं, साउंड नव्हता, पण सर्टमॅनेजरमध्ये सर्टिफिकेट होतं, त्याची मुदत १०० वर्षांची दिसली. पीएफएक्स घेतली, मूळ एसएसडी आणि हार्डडिस्क परत लावून ११ मध्ये तिच्यावर डबल क्लिक करून करंट युजरला इम्पोर्ट केली आणि शपथपत्राचा मसुदा उघडला. काका स्क्रीनकडे बघून पहिलं पान पूर्ण वाचत बसले, मग म्हणाले प्रिंट काढ. निशाचर सर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

निशाचर_ॲडमिन:
मन भरून आलं वाचून. आता राहिलेलं: ‘पक्षकार’ फोल्डरवरची ती टिक काढा, सबफोल्डरसकट लागू करा, सगळ्या फाइलींवरचं कुलूप गेलं की बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या. पक्षकारांची गुपितं आहेत म्हणून एन्क्रिप्शन हवंच असेल तर आता पूर्ण ड्राइव्हला बिटलॉकर लावा आणि त्याची की ऑफिसबाहेर दुसऱ्या ठिकाणी ठेवा. क्लोन अजून महिनाभर पुसू नका. पीएफएक्स तर कधीच टाकू नका, जुन्या एखाद्या बॅकअपमध्ये एन्क्रिप्टेड कॉपी निघाली तर तीच लागेल.

ढगाळ_हवा:
आमच्याकडे हेच झालंय पण सी फॉरमॅट मारला, विंडोज डॉट ओल्ड नाही. एकजण म्हणतोय ॲडव्हान्स द्या, क्रॅक करून देतो. द्यावेत का?

निशाचर_ॲडमिन:
देऊ नका. एक्सपी एसपी१ पासून ईएफएस डीफॉल्ट एईएस-२५६ हे मजबूत एन्क्रिप्शन वापरतं, ते क्रॅक करून देतो म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. की कुठे उरली असेल ते शोधा: जुन्या पेन ड्राइव्हवर पीएफएक्स आहे का, पूर्वी कधी सी ची इमेज (पूर्ण कॉपी) काढली होती का, पीसी ऑफिसच्या डोमेनमध्ये, म्हणजे आयटीवाल्यांच्या सर्व्हरशी जोडलेल्या नेटवर्कमध्ये, होता का. डोमेनमध्ये असेल तर सायफर /सी च्या खालच्या भागात रिकव्हरी सर्टिफिकेट दिसेल, मग तुमच्या आयटीवाल्यांकडे जा, ते उघडू शकतात. सी हार्डडिस्कवर असेल आणि फॉरमॅटनंतर फारसं काही लिहिलं गेलं नसेल तर डेटा रिकव्हरीने जुनं प्रोफाइल शोधायचा प्रयत्न करता येतो, एसएसडी असेल तर ट्रिममुळे (एसएसडी पुसलेला डेटा आतून साफ करून टाकते) आशा जवळजवळ नाही. मशीन बंद करा आणि डिस्क कुठली आहे ते सांगा.