कॉम्बी बॉयलरचे प्रेशर रोज उतरते आणि खाली पाणी ठिबकते

रेडिंगकर

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहतो. स्वयंपाकघरातील कपाटात गॅसवर चालणारा, भिंतीवरचा कॉम्बी बॉयलर (घराचे हीटिंग आणि नळाचे गरम पाणी दोन्ही देणारा) असून तो ११ वर्षांचा आहे. गेल्या तीन आठवड्यांपासून सकाळी पाणी भरून प्रेशर गेजचा काटा १.३ बारवर (बार हे दाबाचे एकक) आणला, तरी दुसऱ्या दिवशी तो ०.५ च्या खाली आलेला असतो आणि बॉयलर बंद पडतो. हीटिंग सुरू असताना मात्र हाच काटा लाल पट्ट्याजवळ, जवळपास ३ पर्यंत चढतो. खाली ठेवलेल्या पातेल्यात रात्रभरात अर्धी वाटी पाणी जमते आणि तांब्याच्या एका जोडावर हिरवट डाग पडला आहे. एक तंत्रज्ञ येऊन गेले, परंतु त्यांनी केवळ पाणी भरून दिले आणि पैसे घेतले. सासूबाई नुकत्याच साताऱ्याहून आल्या आहेत, गारठ्याने त्यांचे गुडघे धरतात, त्यामुळे हीटिंग बंद ठेवणे शक्य नाही. रोज पाणी भरत राहिल्यास काही अपाय होतो का, आणि कोणाला बोलावण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल?

लेस्टरवासी

मी बरीच वर्षे याच कामात आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आपण दिलेल्या माहितीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट पातेल्यातले पाणी नसून गरम असताना ३ बारपर्यंत चढणारा काटा ही आहे. पाणी तापले की प्रसरण पावते आणि त्या वाढीव पाण्याला सामावून घेण्यासाठी एक्सपान्शन व्हेसल नावाचा डबा असतो, ज्यात रबरी पडद्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला दाबाने भरलेली हवा असते. ही हवा निघून गेली किंवा पडदा फाटला की पाण्याला फुगायला जागा उरत नाही, दाब भराभर चढतो आणि ३ बारला प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह उघडून पाणी घराबाहेर सोडतो. यंत्रणा थंड झाल्यावर तेवढे पाणी कमी पडते आणि आपल्याला काटा खाली गेलेला दिसतो.

याची खात्री करणे सोपे आहे. बॉयलरमागच्या बाहेरील भिंतीतून तांब्याची एक बारीक नळी निघून तिचे तोंड भिंतीकडे वळवलेले असते. तिच्या तोंडाला प्लॅस्टिकची छोटी पिशवी रबरबँडने सैलसर बांधून एक रात्र ठेवावी. नळी गरम असू शकते, म्हणून हे हीटिंग बंद असतानाच करावे. पिशवीत पाणी आले तर दोष बहुधा व्हेसलचा किंवा व्हॉल्व्हचा असतो. पिशवी कोरडी राहिली तर प्रत्येक रेडिएटरच्या (खोली तापवणाऱ्या, गरम पाण्याच्या भिंतीवरील पॅनेलच्या) दोन्ही टोकांच्या व्हॉल्व्हखाली कोरडा टिश्यू कागद फिरवून पाहावा, कारण डोळ्यांना न दिसणारा ओलावा कागदाला लगेच कळतो.

रोज पाणी भरणे अपायकारकच आहे. ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू आत येतो, गंजरोधक औषध पातळ होते, रेडिएटर आतून गंजतात आणि तो काळा गाळ पुढे हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे बॉयलरच्या पाणी तापवणाऱ्या भागात, अडकतो. भरणे भागच असेल तर यंत्रणा थंड असताना १ ते १.५ बारपर्यंतच भरावे आणि नंतर फिलिंग लूपचे (पाणी भरण्याच्या नळीचे) कॉक घट्ट बंद असल्याची खात्री करावी. ते किंचित उघडे राहिले तरी दाब आपोआप चढत राहतो.

बॉयलरचे आवरण स्वतः उघडू नये. गॅस सेफ (ब्रिटनमधील गॅस तंत्रज्ञांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्याच व्यक्तीला बोलवावे आणि ओळखपत्राची मागची बाजूही पाहावी, कारण कोणती कामे करण्याची पात्रता आहे ते तिथेच लिहिलेले असते. ठिबकणारे पाणी आतल्या विजेच्या भागांवर पडत असल्याची शंका आली, तर बॉयलरचा स्विच बंद करून वाट पाहावी.

भाडेकरू

घर भाड्याचे असल्यास एक भर घालते. इंग्लंडमधील १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याच्या कलम ११ नुसार सर्वसाधारण भाडेकरारांत हीटिंग आणि गरम पाण्याची व्यवस्था दुरुस्त ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी असते. तक्रार तोंडी न करता ईमेलने करावी आणि गेजचा फोटो तारखेसह जोडावा. आमच्याकडे एजंट दोन आठवडे टोलवत होता. रोजच्या आकड्यांची यादी पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी माणूस आला.

रेडिंगकर

घर स्वतःचे आहे, पण आकडे लिहून ठेवण्याची सूचना फार उपयोगी पडली. पिशवी सकाळी पाण्याने फुगलेली होती. ते सांगून नवे गॅस सेफ तंत्रज्ञ बोलावले. त्यांनी व्हेसलवरील, सायकलच्या ट्यूबला असते तशा व्हॉल्व्हची पिन दाबली तेव्हा हवेऐवजी पाणीच बाहेर आले, म्हणजे पडदा फाटला होता. व्हेसल बदलले आणि सतत उघडून गाळ अडकल्यामुळे नीट न मिटणारा रिलीफ व्हॉल्व्हही बदलला. हिरवट डागाच्या जोडातील वॉशर झिजला होता, पातेल्यातले पाणी तिथले होते. शेवटी गंजरोधक औषध नव्याने घातले. आज सहावा दिवस आहे. थंड असताना काटा १.३ वर, गरम असताना १.७ वर. लेस्टरवासी, आपण इतके समजावून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार.

लेस्टरवासी

हे वाचून बरे वाटले. पहिले काही दिवस रेडिएटरमधली उरलेली हवा निघाली की काटा थोडा उतरेल, तेव्हा घाबरून जाऊ नये. एकदा थोडे पाणी भरावे आणि आणखी दोन आठवडे नोंद ठेवावी.