हॉट वर्किंग लाल रंगावर ठरत नाही

धातू तापून लाल झालेला असताना त्याला ठोकून-लाटून आकार दिला की हॉट वर्किंग, नाहीतर कोल्ड वर्किंग, असं म्हटलं जातं. पोलादापुरतं ते बरंचसं चालून जातं, पण खरी सीमारेषा पुनर्स्फटिकीकरणाच्या (म्हणजे दबलेल्या धातूत नवे स्फटिक-कण तयार होण्याच्या) तापमानाची आहे, आणि ती प्रत्येक धातूची वेगळी. शिशाची ती खोलीच्या तापमानाच्याही खाली असते, म्हणून शिसं साध्या हवेत लाटलं तरी ते हॉट वर्किंगच! उलट टंगस्टन १००० अंश सेल्सिअसला झगझगत असतानाही त्यावरचं काम कोल्डमध्येच मोडतं.

हातानेही कळतं हे. तांब्याची तार चार-पाचदा वाकवा, दर वेळी जास्त जोर लागतो. शिशाची पट्टी तशी कडक होत नाही, कारण दबलेल्या कणांच्या जागी नवे कण आपोआप तयार होतात. तांब्याला त्यासाठी मध्येच ॲनीलिंग (तापवून पुन्हा मऊ करणं) करावं लागतं.