‘गॅसलायटिंग’ नेमकं कशाला म्हणायचं?

नवरा-बायकोचं भांडण असो नाहीतर ऑफिसातला वाद, ‘तू मला गॅसलाइट करतोयस’ हे वाक्य हल्ली सर्रास ऐकू येतं. कुणी थाप मारली, कुणी दिलेला शब्द विसरलं, कुणी नुसतं ‘मला तसं आठवत नाही’ म्हटलं, तरी हाच आरोप. मला हे फार खटकतं.

शब्द आला पॅट्रिक हॅमिल्टनच्या ‘गॅस लाइट’ या १९३८ सालच्या इंग्रजी नाटकातून. व्हिक्टोरियन काळातलं लंडन. नवरा भिंतीवरचं चित्र स्वतःच काढून लपवतो आणि बायकोला म्हणतो, ‘हे तूच केलंस, तुला आठवत नाही.’ तिची आई वेडात गेलेली, त्यामुळे तीही हादरते. रोज संध्याकाळी तो बाहेर जातो असं दाखवून गुपचूप वरच्या बंद मजल्यावर शिरतो. तिथे पूर्वी खून झालेल्या बाईची माणकं शोधत असतो. त्याने वरचा गॅसचा दिवा लावला की खाली बायकोच्या खोलीतली ज्योत मंद होते.

इथे बरेच जण चुकतात. तो मुद्दाम दिवे मंद करून तिला छळतो, असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात ती ज्योत त्याची चोरी उघडी पाडते. बायकोला दिसत होतं ते खरंच होतं. याच नाटकावरच्या १९४४च्या चित्रपटात पोलिस अधिकाऱ्यालाही ज्योत उतरताना दिसते, तेव्हा कुठे तिला कळतं की आपल्याला भास होत नाहीत. या बायकोच्या भूमिकेसाठी इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळालं.

मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन शब्दकोशाने २०२२ साली हा ‘वर्षाचा शब्द’ ठरवला, तेव्हा ‘स्वतःच्या फायद्यासाठी दुसऱ्याची घोर दिशाभूल’ हा सैल अर्थही मान्य केला. कोशाचं काम वापर नोंदवण्याचं, ते ठीकच. पण थाप, फसवणूक, टाळाटाळ, कानावर हात ठेवणं हे सगळं मराठीत असताना त्यासाठी हा शब्द कशाला खर्च करायचा?

‘बांगड्या मी पाहिल्याच नाहीत’ हे खोटं असेल, तर ते खोटं बोलणं झालं. बांगड्या स्वतः हलवून ‘तूच कुठेतरी ठेवल्यास, हल्ली तुझं डोकं ठिकाणावर नसतं’ असं महिनोन्महिने ऐकवणं, वर तिच्या माहेरी फोन करून ‘जरा डॉक्टरला दाखवा’ म्हणणं, हे गॅसलायटिंग. त्यात तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा, आठवणीवरचा विश्वासच काढून घेतला जातो. अशी बाई उद्या धीर करून हा शब्द उच्चारेल, तेव्हा ऐकणाऱ्याला ते नेहमीचं किरकोळ भांडण वाटेल, याची मला खरी काळजी वाटते.