मदत हवी आहे: खूप दिवस नेटशिवाय असलेल्या संगणकाचा अँटीव्हायरस आधी कसा अपडेट करावा?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाचा संगणक पावसाळ्याआधीपासून नेटशिवाय पडून आहे. विंडोज १०, अँटीव्हायरस म्हणजे त्यातलाच डिफेंडर. आता फायबरची जोडणी आली आहे. सभासदांची सगळी नोंद त्यावरच आहे आणि मुलं सर्रास पेनड्राइव्ह लावतात, म्हणून घाई करायची नाही.

माझ्या माहितीप्रमाणे डिफेंडरची व्हायरस ओळखण्याची यादी दिवसातून अनेकदा बदलते. रोज चालू असलेल्या मशीनवर फक्त फरकाचा छोटा भाग उतरतो, फार मागे पडलेल्याला मात्र पूर्ण संच लागतो, तो १०० एमबीच्या वर जातो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण डिफेंडरची यादी ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहे.

विचार असा आहे: घरच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पूर्ण संचाची फाइल घ्यायची, स्वच्छ पेनड्राइव्हने नेऊन नेट बंद असतानाच चालवायची आणि मगच केबल जोडायची. तारीखही मागे गेली आहे, ती आधी दुरुस्त करणार, नाहीतर सुरक्षित साइट्स उघडणारच नाहीत.

अडतंय इथे: डिफेंडरचा प्लॅटफॉर्मच (म्हणजे यादी वापरणारा मूळ प्रोग्रॅम) जुना असेल तर तो नवा संच घेतो का, की आधी प्लॅटफॉर्म अपडेट करावा लागतो? आणि फुल स्कॅन नेट जोडण्याआधी करावा की नंतर? क्लाउड तपासणी (संशयास्पद फाइल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर पडताळणं) नेटशिवाय चालत नाही, म्हणून दोनदा करावा असं मला वाटतं.

दुसरा अँटीव्हायरस कृपया सुचवू नका. ज्यांनी असं मशीन स्वतः पुन्हा चालू केलंय, त्यांनी क्रम सांगावा.