भाड्याचे घर: परतावा कसा मोजावा आणि भाडेकरू कसा पारखावा?

प्रश्न

गुंतवणूक म्हणून दोन खोल्यांचे घर विकत घेऊन ते भाड्याने द्यावे, असा माझा विचार आहे. विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार वर्षाचे भाडे किमतीच्या ६ टक्के येते. किमतीच्या ६० टक्के रक्कम मी ७ टक्के व्याजाने, २० वर्षांच्या मुदतीवर कर्जाऊ घेणार आहे. मध्यस्थाने दोन भाडेकरूही सुचवले आहेत. एक जण मागितलेले भाडे द्यायला आणि सहा महिन्यांची रक्कम आगाऊ भरायला तयार आहे, मात्र आधीच्या घरमालकाचा संपर्क देण्याचे तो टाळतो. दुसऱ्या कुटुंबाला भाडे ५ टक्क्यांनी कमी हवे आहे, पण किमान तीन वर्षे राहण्याची त्यांची तयारी आहे. यात माझी बऱ्याच वर्षांची बचत गुंतणार असल्यामुळे, जाणकारांनी हिशेब आणि भाडेकरूची निवड या दोन्हींबाबत मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १

विक्रेता सांगतो तो ६ टक्के हा ढोबळ परतावा आहे, आणि निर्णय त्यावर घेता येत नाही. किंमत १०० धरली तर भाडे ६ येईल. वर्षातून एक महिना घर रिकामे राहील असे गृहीत धरले तर ०.५ गेले. दुरुस्तीसाठी किमतीच्या १ टक्का रक्कम बाजूला ठेवण्याचा प्रघात आहे, तो पाळावा. कर, विमा आणि देखभाल शुल्क मिळून ०.८ धरले तर हाती ३.७ उरतात. शिवाय नोंदणी, दलाली आणि सुरुवातीची डागडुजी धरून घर १०८ ला पडले, तर निव्वळ परतावा जेमतेम ३.४ टक्के होतो.

आता कर्ज पाहू. ६० वर ७ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याजच सुमारे ४.२ होते आणि वर्षभराचे हप्ते साधारण ५.६ भरावे लागतात. म्हणजे भाडे वेळेवर आले तरी दरवर्षी जवळपास १.९ तुम्हाला खिशातून घालावे लागतील. निव्वळ उत्पन्न वार्षिक हप्त्यांच्या किमान सव्वापट असावे, हा ठोकताळा मी स्वतः पाळतो. तो लावला तर या घरावर ३२ पेक्षा जास्त कर्ज पेलत नाही. किंमत पुढे वाढेल या भरवशावर ही तूट सोसायची की नाही, हा तुमचा निर्णय आहे, पण तुटीचा आकडा आधी कागदावर मांडा.

प्रतिसाद २

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. त्यात एवढीच भर घालते की, दुरुस्तीचा आकडा घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ठरवू नये. सगळे नळ एकाच वेळी सोडून पाण्याचा जोर पाहावा. ज्या भिंतीला नुकताच रंग दिला असेल, तिच्यावर, विशेषतः कपाटामागे आणि न्हाणीघराच्या पलीकडच्या बाजूला, तळहात टेकवून ओल तपासावी.

भाडेकरूंबाबत बोलायचे तर ५ टक्के सवलत म्हणजे वर्षाला साधारण १८ दिवसांचे भाडे, आणि घर एक महिना रिकामे राहिले तर त्याहून जास्त बुडते. कुटुंब खरोखर तीन वर्षे राहिले आणि त्या काळात एकच महिना रिकामा गेला, तर वर्षाला सरासरी ५.५४ हाती येतात. पूर्ण भाडे देणारे दरवर्षी बदलत राहिले आणि प्रत्येक वेळी महिना गेला, तर ५.५ येतात, त्यात दर खेपेची रंगरंगोटी आणि दलाली धरलेलीच नाही.

तरीही तीन वर्षांचा शब्द पुरेसा मानू नये. भाडे मासिक उत्पन्नाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावे, आणि उत्पन्नाचा पुरावा दोघांकडूनही सारखाच मागावा. निकष आधी लिहून ठेवावेत आणि ते प्रत्येक अर्जदाराला लावावेत. धर्म, वंश किंवा वैवाहिक स्थिती यांचा भाडे भरण्याच्या ऐपतीशी काही संबंध नाही, आणि अनेक देशांत अशा कारणांवरून घर नाकारणे बेकायदेशीर आहे.

प्रतिसाद ३

आगाऊ रकमेला भुलू नका, असे मी अनुभवाने सांगतो. माझ्या एका भाडेकरूने सहा महिन्यांचे पैसे एकरकमी दिले, म्हणून मी चौकशीच केली नाही. सातव्या महिन्यापासून भाडे थांबले, आणि घर परत मिळेपर्यंत जेवढे बुडाले ते त्या आगाऊ रकमेहून अधिक होते. तेव्हापासून मी सध्याच्या घरमालकाशी बोलून थांबत नाही, कारण त्रासदायक भाडेकरू एकदाचा जावा म्हणून तो तोंडभरून कौतुक करू शकतो. त्याच्याही आधीच्या मालकाशी बोलतो आणि एकच प्रश्न आवर्जून विचारतो: ‘यांना पुन्हा घर द्याल का?’ उत्तर देताना समोरचा किती अडखळतो, याकडे माझे लक्ष असते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल पुन्हा घर पाहून आलो. शयनगृहातील कपाट सरकवले तेव्हा मागच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत ओल होती आणि नवा रंग बोटाने सुटत होता. दुरुस्तीचा अंदाज घेऊन विक्रेत्याला किंमत कमी करण्याविषयी लेखी कळवले आहे. त्या कुटुंबाच्या याआधीच्या दोन्ही घरमालकांशी बोललो. गळका नळ त्यांनी त्याच दिवशी कळवला होता, असे पहिल्या मालकाने आपणहून सांगितले, आणि पुन्हा घर देण्याबाबत दोघांनीही क्षणभर विचार केला नाही. कर्ज ३२ पर्यंत आणायचे तर मला आणखी दोन वर्षे बचत करावी लागेल. त्यामुळे विक्रेता पुरेसा खाली आला नाही, तर हे घर मी सोडून देणार आहे आणि त्या कुटुंबाला तसे आजच कळवणार आहे, म्हणजे ते माझ्यासाठी अडकून राहणार नाहीत.